धुरपता मावशींची लिंबोणी

त्या रविवारी आम्ही मरणाबद्दल बोललो नाही, पिठ्या ढेकणाबद्दल बोललो.

मी परभणीत एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. शनिवारी संध्याकाळी गावी, चारठाण्याला यायचं आणि रविवारी दुपारच्या बसने परत जायचं, हा माझा नेम होता. माझे वडील मुंजाजी, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं, कृषी सहायक म्हणून कधीचे निवृत्त झाले होते. पण लोकांनी त्यांना निवृत्त होऊ दिलं नव्हतं. ओसरीवरच्या त्यांच्या खाटेपाशी कुणी ना कुणी पान, शेंडा, नाहीतर किडकं फळ घेऊन बसलेलं असायचं. त्यांची अट एकच. आजारी पान आणायचं तर त्याच जातीचं धडधाकट पानही सोबत आणायचं. “बिमारी मला कळंल. पर तुझ्या रानात बरं असलेलं पान कसं दिसतं, ते मला कसं कळावं?” असं ते म्हणत.

त्या दिवशी दत्तराव पपईचा शेंडा घेऊन आला.

“अण्णा, पपईला कापूस लागलाय.”

“मंग वेच की. औंदा भाव बरा हाय म्हणत्यात कापसाला.”

“मस्करी करू नका. समदा प्लॉट पांढरा व्हायलाय.”

अण्णांनी शेंडा उलटा करून पाहिला आणि माझ्या हातात दिला. हे नेहमीचं होतं. मी घरात असले की पहिली पाळी माझी.

“पिठ्या ढेकूण,” मी म्हटलं. “खोडावर मुंग्या चढायल्यात का, दत्तराव?”

“चढायल्यात. पर मुंग्या काय करत्यात पपईचं?”

“पपईचं काय न्हाई करत,” अण्णा म्हणाले. “त्या ढेकणाला राखण बसल्यात. ढेकणाचा गोड चिकटा चाटायचा आन् त्याच्या वैऱ्याला जवळ येऊ द्यायचं न्हाई. आधी मुंग्यांची वाट बंद कर. लय भरलेले शेंडे काढून जाळ. मंग निंबोळी अर्क.” त्यांनी अंगणातली एक काडी उचलली आणि शेंड्यावरच्या पांढऱ्या गोळ्यांपैकी एकाला हळूच टेकवली. तो गोळा तुरुतुरु पळाला. “हे बघ. हा ढेकूण न्हाई. ही ढालकिड्याची अळी. ढेकणासारखी दिसती आन् ढेकणालाच खाती. अंदाधुंद फवारा मारशील तर हा तुझा गडी आधी मरंल.”

“मंग वळखायचा कसा?”

“काडी लाव. पळाला तो आपला.”

“आमच्या घरी बी तसंच हाय, अण्णा. काम सांगितलं की पळतो तो आपलाच.”

आतून छबूआत्या मोठ्याने हसली. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच असायची. तिने भाकरी वाढल्या, आम्ही जेवलो, मी निघाले. रात्री अण्णांचा फोन आला.

“पोचलीस?”

“पोचले.”

“खिडकी मिळाली होती का?”

“न्हाई. उभं राहावं लागलं जिंतूरपर्यंत.”

“बरं,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

सकाळी चहाची कपबशी खाटेवर ठेवून ते तसेच मागे रेलले. आत्याला वाटलं, परत डोळा लागला.

*

माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे सुतक मला पूर्ण होतं; सासरी दिलेल्या आत्याचं तीन दिवसांत फिटलं होतं. ओसरीवर सतरंजी टाकलेली, मी भिंतीला टेकून बसलेली, आणि सकाळपासून माणसं भेटायला येत होती. आमच्याकडे सुतकाच्या घरी आलेला माणूस निघताना ‘येतो’ म्हणत नाही. पुन्हा या घरी अशा कामासाठी येणं नको, म्हणून. थोडा वेळ बसायचं, खाली बघायचं आणि काही न बोलता उठून जायचं. त्या घराकडे काही मागायचंही नाही, साधं तांब्याभर पाणीसुद्धा.

एका दुपारी माणसं उठून गेल्यावर आत्या सतरंजी झाडायला लागली, तर खांबाजवळ कापडाची एक पुरचुंडी सापडली.

“कुनाचं राह्यलं गं हे?”

मी सोडून पाहिली. आत लिंबाची दोन पानं होती. एक शिरांजवळ पिवळं पडलेलं, दुसरं हिरवंगार. आणि सालीचा एक काळपट तुकडा. त्यावर मधासारखा डिंकाचा थेंब सुकून बसला होता.

कुणाचं राहिलेलं नव्हतं ते. धडधाकट पान सोबत होतं, म्हणजे आणणाऱ्याला अण्णांची अट माहीत होती. पण मागायचं नसतं, म्हणून मागितलं नव्हतं. नुसतं ठेवून दिलं होतं.

“त्या खांबापाशी कोण बसलं होतं?”

आत्याने आठवून पाहिलं. “धुरपता. लय येळ बसली होती. दोनदा तोंड उघडलं आन् मिटलं. मला वाटलं रडायलीय.” मग तिने कपाळाला हात लावला. “आगं, तिच्या दारची लिंबोणी. तिचा बजरंग तोडायलाय म्हनं ती. परवा त्यांच्या टोळीची गाडी येतीय, ऊसतोडीला. जायच्या आधी तोडून जातो म्हनला.”

मी उठले.

“कुठं निघालीस?”

“बघून येते.”

“पंके, सुतकात दुसऱ्याच्या झाडाला हात लावत्यात व्हय? फळतं झाड हाय.”

“हात न्हाई लावणार. बघणार नुसतं.”

“तुझा भरवसा न्हाई मला. बापासारखीच. दिसलं पान की उलटं केलं.” तिने डोक्यावर पदर घेतला. “चल, मी येते. हात बांधून उभी राहा तिथं.”

*

धुरपता मावशींचं घर गावाच्या कडेला आहे. जुनं मातीचं पाडून याच वर्षी तिथे घरकुल झालं. दारापुढे सिमेंटचा कोबा, त्याच्या कडेला लिंबोणी, आणि पलीकडे बांध ओलांडला की बजरंगने लावलेली लिंबांची नवी बाग. आम्ही गेलो तेव्हा लिंबोणीच्या खोडाला कुऱ्हाड टेकवून ठेवलेली होती. बजरंग टायरवर बसून कोयत्याला धार लावत होता.

मला पाहून मावशी गडबडल्या. “तू कशाला आलीस माय? मी काय बोलले न्हाई तुला.”

“तुम्ही न्हाई बोललात. पानं बोलली.”

बजरंग उभा राहिला. त्याला अवघडल्यासारखं झालं होतं. “ताई, मी तरी काय करू? तीनदा फवारा मारला. दुकानदार म्हणला पानं पिवळी म्हणजे जस्त कमी, ते बी दिलं. ही सुकतच चाललीय. पलीकडं माझी बाग हाय. आमी दोघं नवरा-बायको फाल्गुनापर्यंत न्हाई हितं. रोग तिकडं गेला तर मागं कोण बघणार?”

त्याचं चूक नव्हतं. मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं.

“बाजारात लिंबं नेते मी, ती गोष्ट येगळी,” त्या म्हणाल्या. “पर हे समदे गेल्यावर माझ्याजवळ कोण असतं? सकाळी दार उघडलं की हिलाच बोलते मी. बाकी कुनाला बोलू?”

मी हात मागे बांधून झाडाभोवती फिरले. आत्या माझ्या मागोमाग फिरत होती, जणू मी तिच्या गाठोड्यातलं काही पळवणार होते.

अण्णा सांगायचे, पान रडतं, पण दुखणं बहुतेक वेळा पायाशी असतं. डिंक जमिनीलगत होता. साल भेगाळलेली, काळपट, ओलसर. पण सगळीकडे नाही, दाराकडच्या बाजूलाच. बागेकडची साल कोरडी आणि राखाडी होती. बागेतली झाडंही मी बांधावरून पाहिली. ती तजेलदार होती. एकच झाड, आणि त्याचीही एकच बाजू. हवेतून आलेला रोग दार बघून येत नाही.

“बजरंग, खोडाभोवती ही माती कुणी लावली?”

“घराचा पाया खणला तवाची हाय. म्हणलं, झाडाला भर व्हईल.”

“आणि ओल कशाची? पाऊस उघडून किती दिवस झाले. ठिबक आहे का हिला?”

“न्हाई.”

मी वाकले. आत्या खाकरली. मी गुडघ्यावर हात ठेवून तशीच पाहत राहिले. ओल्या मातीत तांदळाचे चार दाणे होते. झेंडूच्या पाकळ्या होत्या, काही ताज्या, काही कुजून काळ्या झालेल्या. थोडं हळदीकुंकू.

“मावशी, देवाचं पाणी हितं टाकता का?”

“मंग कुठं टाकू?” मावशी म्हणाल्या. “देवाला आंघोळ घातलेलं पाणी पायदळी जाऊ नये. आधी दारात जास्वंद होती, तिला वतत होते. कोब्यात गेली ती. आता हीच राह्यली. मी रोज सकाळी एक तांब्या, बरोब्बर बुंध्याशी. हिकडं-तिकडं सांडू देत न्हाई.”

बजरंगने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. “आन् नुसतं पाणीच का?”

“नुसतं पाणी कशाला? पंचामृत असलं तर ते बी. झाडाला गोड.”

मावशींच्या ते हळूहळू ध्यानात आलं. “देवाच्या पाण्यानं सडली का गं ही?”

“देवाच्या न्हाई, मावशी. साचलेल्या. वरून मातीची भर, खाली रोज ओल. लिंबाच्या सालीला ते सोसत न्हाई, बुरशी धरते. याला डिंक्या म्हणतात. पाणी कुणाचंही असतं तरी हेच झालं असतं.”

“जगंल का?”

मला ते माहीत नव्हतं. अण्णांचा आडाखा असा होता की कुजलेली साल खरवडून बघावी. सड खोडाला पूर्ण वळसा घालून गेली असेल तर आशा सोडावी. निम्म्याहून जास्त साल जिवंत असेल तर झाड उभं राहतं. मी ते तसंच सांगितलं आणि म्हटलं, “खरवडल्याशिवाय कळणार न्हाई. बजरंग, कुऱ्हाड नको. धारेचा चाकू आहे का?”

त्याने आधी खोऱ्याने माती ओढून काढली, मुळांचे खांदे दिसेपर्यंत. मग चाकू घेऊन बसला. मला हात लावता येत नव्हता म्हणून मी बोलत होते, आणि तो माझ्या बोलण्यावर चाकू चालवत होता. उथळ. आता वर. काळं संपेपर्यंत. ते तपकिरी आहे ना, तेही मेलेलं. आंबूस वास आला. सालीचे तुकडे बजरंग घमेल्यात टाकत होता, कारण ते मातीत राहू द्यायचे नव्हते, जाळायचे होते. सड मावशींच्या दाराकडून निघाली होती आणि डावीकडे बरीच सरकली होती. चाकू जसजसा मागे जात होता तसतशा मावशी माझ्याकडे बघायच्या बंद झाल्या.

“थांब,” मी म्हटलं. “तिथं नखाने खरव.”

बजरंगने अंगठ्याचं नख लावलं. खाली हिरवं होतं. ओलं, चमकदार हिरवं.

“उजवीकडं?”

“हिकडं बी हिरवं हाय, ताई.”

“मागं?”

तो झाडामागे गेला. “समदं हिरवं.”

आत्या माझ्याआधी हसली. “ऊठ बजरंग, ती कुऱ्हाड घरात ठिव. बघून जीव वर-खाली व्हायलाय झाडाचा.”

मोरचूद आणि कळीचा चुना आमच्या घरी होता. अण्णा दर वर्षी आणून ठेवायचे. बजरंग मोटारसायकलवर जाऊन घेऊन आला. मोरचूद एका प्लास्टिकच्या बादलीत भिजवला, चुना दुसऱ्या बादलीत विरवला, मग दोन्ही एकत्र ओतून काठीने ढवळत त्याने दाटसर निळा लेप केला. “लावू?” त्याने विचारलं. मी म्हटलं, आधी विळ्याचं पातं बुडव. पात्यावर तांबूस राप चढला. म्हणजे चुना कमी होता आणि लेप झाडाला जाळणारा होता. आणखी चुना घातल्यावर पातं स्वच्छ निघालं. मग बजरंगने कमरेइतक्या उंचीपर्यंत खोड निळं केलं.

“आता देवाच्या पाण्याचं?” मावशींनी विचारलं. त्यांचा खरा प्रश्न हाच होता.

“झाड बुंध्यानं पाणी पीत न्हाई. फांद्या जिथं संपतात ना, त्याच्या खाली त्याची तोंडं असतात. तिथं गोल आळं करू. पाणी तिथं टाका. उलट तेव्हा हिला खरं मिळंल.”

“म्हंजी इतके दिस मी हिच्या नरड्यावर वतत होते म्हण की.”

“आन् वर म्हणत होतीस, गोड,” बजरंग म्हणाला.

“गप रे. दाणे टाकून कोंबड्या तरी सांभाळल्यास का कधी?”

बजरंग हसत हसत फांद्यांच्या घेराखाली आळं ओढायला लागला आणि कडेने दगड लावत गेला, कुणाचा पाय पडू नये म्हणून. मावशी माझ्यापासून अंतर ठेवून कोब्यावर बसल्या. सुतकात जवळ घेता येत नाही. नाहीतर घेतलं असतं, हे त्यांच्या हातांवरून कळत होतं.

“मुंजाजी तुला हितंच निजवून जायचा,” त्या म्हणाल्या. “जुन्या घराच्या ओसरीवर. तुझी माय गेली तवा तू एवढुशी. ठिवायची कुणाजवळ? छबू तवा तिच्या सासरी. मंग लुनावर म्होरं उभी करून गावोगाव. ऊन असो, पाऊस असो. तू दमलीस की हितं पोत्यावर टाकायचा आन् रानं बघून यायचा.”

“मला आठवतं,” मी म्हटलं.

“मला म्हणायचा, वहिनी, पोरीचे लय हाल करायलोय मी. माय असती तर सावलीत वाढली असती. तवा म्हणायचा ते ठीक. पर औंदा पोळ्याला आलता तवा बी तेच. मी म्हणलं, आता कशाला काढता ते? पोरगी शिकली, पायावर उभी राह्यली. तर म्हणला, खरं हाय, पर ती कधी बोलून दाखवत न्हाई, म्हणूनच जास्त लागतं.”

आत्या दुसरीकडे बघायला लागली. तिलाही हे माहीत असावं.

ते माझ्याजवळ हे कधी बोलले नव्हते. मी बोलून दाखवलं नाही, कारण बोलून दाखवण्यासारखं काही नव्हतंच. लुनाचा तो पेट्रोलचा वास, त्यांच्या दोन हातांच्या मधोमध मी. रानात पोचलं की गळ्यातलं भिंग काढून ते माझ्या गळ्यात घालायचे. पान उलटं करायचे आणि विचारायचे, “काय दिसतंय?” मी सांगेपर्यंत थांबायचे. शेतकरी घाईत असायचा, ऊन चढत असायचं, आणि एक मोठा माणूस एका लहान मुलीच्या उत्तरासाठी बांधावर उकिडवा बसून राहायचा. मी काहीही सांगायचे. पाठीवर ठिपके आहेत. अंडी रांगेत बसलीत. कुणीतरी चावून खिडकी पाडली. ते शेतकऱ्याकडे वळून म्हणायचे, “ऐकलं का? खिडकी पाडलीय.” पुढे आयुष्यात मी जे काही वाचलं, ते तसंच थांबून वाचलं. एखादं वाक्य उलटं करून त्याच्या पाठीवर काय आहे ते पाहायची सवय कुठून आली, हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी कुठल्याही पुस्तकाचं नाव घेतलं नसतं.

आम्ही निघालो. मावशी उठल्या, तोंड उघडलं आणि मिटलं. ‘ये’ म्हणायचं नव्हतं. मलाही ‘येते’ म्हणता येत नव्हतं. त्यांनी लिंबोणीवरून चार लिंबं तोडली, माझ्या हातात देता येईनात म्हणून आत्याच्या पदरात टाकली. झाड जगेल की नाही, ते नव्या पालवीवरच कळेल. पण बजरंगने कुऱ्हाड घरात नेऊन ठेवली होती.

ओढ्याच्या अलीकडे कपाशीच्या रानातून पायवाट जाते. आत्या पुढे चालली होती. वाटेकडेला एका झाडाचं पान आकसून वाटीसारखं झालेलं दिसलं. माझा हात त्याच्याकडे गेला आणि हवेतच थांबला. मी तिथेच उभी राहिले. समोर दूरपर्यंत कुणी नव्हतं.

“काय गं?” आत्याने मागे वळून विचारलं.

मी तिला काही बोलले नाही. पण बोलले, मोठ्याने, त्या रिकाम्या रानात नीट ऐकू जाईल असं.

“अण्णा, माझे हाल झाले न्हाईत. मला लय आवडायचं तुमच्यासंगं हिंडायला. सावलीत मला कुणी विचारलं नसतं, काय दिसतंय म्हणून.”